संध्याकाळी घरी सोडणारा दवाखाना

होटगीचा भीमा म्हणजे टॉवेलच्या कारखान्यातला जॉबर. एमआयडीसीत कुणाचा माग अडला की पहिलं बोलावणं भीमाला. हा गडी नुसता कान देऊन सांगायचा, माग कुठं अडलाय ते. सुतानं भरलेला बीम उचलायला दोन माणसं लागतात. भीमा एकटा उचलायचा. त्याचा थोरला भाऊ सिद्धराम रेल्वेत गँगमन. शिक्षण सातवी, पण भावाचं कौतुक सांगायला लागला की वकिलानं खाली बसावं. "कारखान्यात इंजिनेर लई असतील हो, भीमा एकच!" आन् त्यात खोटं काही नव्हतं.

बीम उचलून उचलूनच भीमाला जांघेत हर्निया झाला. आधी लिंबाएवढी गाठ होती, ती आंब्याएवढी झाली. ऑपरेशन करायचं ठरलं. कुठं करायचं, यावर मात्र अडलं.

"आण्णा, मोठ्या दवाखान्यात करू की," भीमा म्हणाला. "चार दिस ठेवून घेत्यात, समदं तपासत्यात."

"चार दिस?" सिद्धरामनं चहाची बशी खाली ठेवली. "म्हंजे अख्खं गाव सफरचंदं घेऊन बघायला येणार. जेऊरच्या पावण्यास्नी कळणार, पोरीचा बाप खाटंवर पडलाय. मग?"

भीमाच्या अंकिताचं जेऊरला जमत आलं होतं. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती.

सिद्धरामनं सोलापुरातलं एक सेंटर शोधून ठेवलं होतं. सकाळी जायचं, ऑपरेशन करून घ्यायचं, दिवस मावळायच्या आत घरी. लोकांना वाटावं, गडी बाजाराला गेलता.

भीमाची बायको वैजयंती दाराआडून म्हणाली, "भावजी, पर ह्यांची छाती..."

"छाती काय? पैलवानाची छाती हाय ती!"

भीमा हसला. हसता हसता त्याला खोकला आला, तसा तो पाठ फिरवून खोकला.

सिद्धरामला ठाऊक नव्हतं असं नाही. बावीस वर्षं कापसाची तुसं भीमाच्या छातीत गेली होती. होटगी स्टेशनचा पूल चढताना तो चप्पल नीट करायचं निमित्त करून दोनदा थांबायचा. सिद्धरामनं ते बघितलं होतं. बघून, सिग्नलकडं तोंड केलं होतं.

सेंटर झकपक. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई कागद घेऊन बसल्या, भीमाला विचारायला लागल्या. "चालताना धाप लागते? झोपताना त्रास? दमा?"

भीमानं सिद्धरामकडं बघितलं. त्यांच्या घरात थोरला बसलेला असताना धाकट्यानं तोंड उघडायचं नाही, मग समोर पंच असो, पावणा असो, नाहीतर डॉक्टर.

"धाप?" सिद्धराम म्हणाला. "मॅडम, ह्यो गडी बीम एकटा उचलतो. विचारा जाऊन कारखान्यात!"

"मी त्यांना विचारतेय." बाईंनी छातीला नळी लावली आन् कपाळाला आठी घातली. "घरघर आहे."

"कालपास्नं सर्दी हाय जरा."

"हे बघा, छातीचा जुना आजार असला तर आम्ही इथं करत नाही, मोठ्या हॉस्पिटलला पाठवतो. काका, खरं सांगा."

भीमा खाली बघत म्हणाला, "आण्णा सांगत्यात तसंच." आन् त्यानं सही केली.

ऑपरेशन चांगलं झालं. तीन वाजता बाहेर आणलं तेव्हा भीमानं बोट हलवून, झालं म्हणून खूणही केली. चारला खोकला सुरू झाला तो थांबेचना. श्वास आत जाईना, ओठ निळे पडले. सेंटरात ऑक्सिजन होता; श्वास देणारं मोठं मशीन नव्हतं. ॲम्ब्युलन्स आली, आन् भीमा मोठ्याच दवाखान्यात गेला.

तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं, "आधीपासून धाप लागायची का?"

सिद्धरामनं तोंड उघडलं. त्याच्या आधी वैजयंती पुढं झाली. वीस वर्षांत दिरासमोर तिचा आवाज चढला नव्हता. "दोन वर्सं झाली, बसून झोपत्यात हो! भावजींस्नी माहीत हाय. समद्यांस्नी माहीत हाय!"

"मग सांगायचं ना," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण भूल दिलीच नसती. कमरेखाली बधिर करून, सगळी तयारी ठेवून केलं असतं."

भीमाला मशीनवर ठेवलं. सिद्धराम काचेबाहेर उभा राहून भावाची छाती मशीनच्या जोरानं वर-खाली होताना बघत होता. सहाव्या दिवशी ती थांबली. भीमाचं वय सेहेचाळीस.

भीमा गेल्यावर तिसऱ्या दिवशी जेऊरचे पावणे भेटायला आले. अंगणात कारखान्याची माणसं, भावकी, सगळी बसलेली. मुलाचे वडील कुंडलिकराव सिद्धरामजवळ टेकले आन् हळू म्हणाले, "अचानकच झालं म्हणायचं."

नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पोरीचं लग्नही झालं असतं आन् सिद्धरामची मानही ताठ राहिली असती.

"न्हाय पावणं," सिद्धराम म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अचानक न्हाय. धाप होती त्याला, दोन वर्सं. डॉक्टरीणबाई त्याला इचारत होत्या. मी न्हाय म्हणून सांगितलं. त्यो गरीब माझ्या तोंडाकडं बघत बसला."

कुंडलिकरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आत वैजयंतीचं रडणं एकदम थांबलं. सिद्धराम मान खाली घालून बसून राहिला.