खिडकीच्या आतला माणूस

जुन्या विमानाची खिडकी बसवायला दोन माणसं लागतात. एक बाहेर, स्क्रू फिरवायला. एक आत, नट धरायला. आतल्याने पाना सोडला की बाहेरचा कितीही शहाणा असो, स्क्रू नुसताच फिरत राहतो. सगळी नोकरी याच कामात गेली, म्हणजे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तरी कॉलेजच्या प्राचार्यांनी ‘मदतीला कुणी देऊ का’ असं विचारल्यावर मी ताठ मानेने सांगून बसलो, की मला कुणी नको, मी एकटा करतो. निवृत्त माणसाला बढाईशिवाय दुसरं काय उरतं?

विमान दोन सीटचं, कापडी अंगाचं. कधीकाळी आमच्या फ्लाइंग क्लबात ते शिकाऊंना घेऊन उडायचं आणि मी त्याचा मेकॅनिक होतो. क्लब बंद पडला, विमान वर्षानुवर्षं उन्हात उभं राहिलं, आणि आता सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या शेडमध्ये येऊन पडलं होतं. ते उडणार नव्हतं. मुलांना नुसतं दाखवायचं होतं, पण खिडक्यांतून आतलं काहीच दिसत नव्हतं. विमानाच्या खिडकीला आम्ही काच म्हणतो. असते ती अ‍ॅक्रिलिकची, प्लास्टिकचीच एक जात. तीन खिडक्या नुसत्या पिवळ्या पडल्या होत्या. चौथी, डावीकडची, तडकलेली होती. ती तड मी ओळखली. प्राचार्यांना काही बोललो नाही.

मे महिना होता. कॉलेजला सुट्टी. शेडचा पत्रा असा तापायचा की दहानंतर आत उभं राहवत नसे, म्हणून मी सकाळी सहालाच जायचो. तिन्ही खिडक्या बारीक पॉलिश पेपरने, पाणी मारत मारत घासल्या. नवी पेठेतून मऊ फ्लॅनेल आणलं आणि पॉलिश लावून पुसत बसलो. यात चार दिवस गेले. त्या चार दिवसांत मी कुणाशी बोललो याचा हिशोब लावला तर तो वॉचमन आणि कोपऱ्यावरचा चहावाला एवढाच निघतो. बायको जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी बंगळुरूला आहे, रविवारी फोन करते, जेवलास का विचारते. मी हो म्हणतो. एवढं झालं की आम्हा दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचत नाही.

डावी खिडकी बदलायची वेळ आली तेव्हा बढाई अंगाशी आली. वॉचमनला आत बसवलं, हातात पाना दिला. जुना एक स्क्रू काढेपर्यंत त्याने दोनदा फोन घेतला आणि तिसऱ्यांदा पाना सीटखाली पाडला. मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. तो निमूट उतरून आपल्या खुर्चीवर जाऊन बसला, आणि पुन्हा माझ्या वाटेला आला नाही. माझा राग असाच आहे. माणूस दोन हात लांब जातो, तेव्हा कुठे राग शांत होतो.

आत नट धरायला माझ्याकडे पूर्वी एक जोडीदार होता. नऊ वर्षं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातला. बापाचे माग सोडून विमानाच्या नादाला लागला म्हणून घरचे त्याच्यावर नाराज असायचे. कागदोपत्री तो माझा हेल्पर, पण त्याच्या बोटांना जे कळायचं ते माझ्या डोळ्यांना कळत नसे. अ‍ॅक्रिलिक उन्हात फुगतं, थंडीत आक्रसतं. म्हणून त्याच्यातलं प्रत्येक भोक स्क्रूपेक्षा जरा मोठं ठेवावं लागतं. आधी बारीक पाडायचं, मग मोठ्या ड्रिलने रुंद करायचं. एखादं राहून जाऊ नये म्हणून आमची एक पद्धत होती. भोक रुंद झालं की मी बाहेरून मराठीत आकडा म्हणायचा, त्याने आतून तेलुगूत. मी एक म्हटलं की तो ओकटि. मी दोन, तो रेंडु. दोन्ही आकडे जुळले की पुढचं भोक. क्लबातले लोक हसायचे, म्हणायचे यांची शाळा भरली. पण नऊ वर्षांत आमचं एकही भोक चुकलं नाही.

चुकलं ते एकदाच. जानेवारीतली सकाळ होती आणि क्लबच्या साहेबांनी कुणी मोठे पाहुणे हँगर बघायला आणले होते. मी नवा पांढरा शर्ट घातला होता. पाहुणे अगदी जवळ येऊन उभे राहिले आणि आतून तो मोठ्याने आकडे म्हणत होता. मला लाज वाटली. आपण मेकॅनिक माणसं, आणि हा बालवाडीसारखा ओरडतोय. मी त्याला सगळ्यांदेखत म्हटलं, गप बस, मोजतोय मी. तो गप बसला. मी मनात मोजून चौदा भोकं पूर्ण केली, पाहुण्यांना दोन गोष्टी समजावून सांगितल्या, मग स्क्रू लावले.

एप्रिलमध्ये ती खिडकी हवेत तडकली. विमान सुखरूप उतरलं, कुणाला खरचटलंही नाही. साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं करून मला विचारलं, कशाने झालं? मी खिडकीकडे नीट बघितलंसुद्धा नाही. म्हणालो, आतून नट जास्त आवळला गेला असेल. जोडीदाराने माझ्याकडे एकदा बघितलं. साहेबांनी त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. अ‍ॅक्रिलिकची नवी शीट येईपर्यंत विमान उभं राहिलं, आणि शीट येण्याआधी क्लबच बंद पडला. मी मनाला समजावलं की आवळला असेलच त्याने. असं रोज थोडं थोडं समजावलं की खरं वाटायला लागतं.

आता तीच खिडकी एकट्याने उतरवायची होती. एकेका नटावर आतून पाना चिकटपट्टीने बांधला, बाहेर येऊन तो तो स्क्रू सोडवला. तेरा स्क्रू सहज निघाले, त्यांच्या भोवती भोकात हवी तेवढी जागा होती. मधला अकरावा तेवढा निघेना. जोर लावून काढला तेव्हा त्याच्या आट्यांत अ‍ॅक्रिलिकचा पांढरा चुरा अडकलेला दिसला. ते भोक मी रुंदच केलं नव्हतं. तड तिथूनच निघाली होती. शाळेच्या पोरालाही कळलं असतं, इतकं उघड.

मी शेडच्या दारात स्टुलावर बसलो. वाईट वाटलं, हे खरं. पण त्याहून आधी, माझं मलाच नवल वाटावं अशी गोष्ट झाली. मला आनंद झाला. आता त्याच्याकडे जायला कारण मिळालं होतं. जावं, चुकलो म्हणावं, आणि तो पुन्हा आत येऊन बसेल. नवी खिडकी आम्ही दोघं बसवू. दिवसभर कुणीतरी बोलायला असेल. मला तो माणूस परत हवा होता, इतका की त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी गेलो. घर तेच, वर एक मजला चढलेला. तो ओट्यावर शिलाई मशीनवर टॉवेलच्या कडा मारत होता. केस पार पांढरे. मला बघून उठला, ‘या, बसा’ म्हणाला. नऊ वर्षं मला अरे-तुरे करणारा माणूस. पाणी दिलं, आणि पुन्हा मशीनवर बसला. मी एका दमात सगळं सांगितलं. अकरावं भोक, आट्यांतला चुरा, साहेबांपुढे बोललो ते. खिशातून तो स्क्रूही काढून दाखवला. त्याने हातात घेतला नाही.

“ठाऊक हाय,” तो म्हणाला. “नट घातला तवाच कळलं. बाकीचे स्क्रू जरा हलत व्हते, ह्यो हलंना. मी आतनं काचेवर टकटक केली की. तू बाहेरनं हात केलास, चल पुढं म्हणून.”

मला ती टकटक आठवली. इतक्या वर्षांत एकदाही आठवली नव्हती आणि आता सबंध आठवली, त्याच्या बोटासकट.

मी विचारलं, मग साहेबांपुढे बोलला का नाहीस?

“साहेबांनी तुला इचारलं. मला कुनी इचारलं?”

मशीन चालू राहिलं. मी माफी मागितली. खरंच मागितली, हात जोडून. तो म्हणाला की वर्ष-दीड वर्ष तो माझी वाट बघत होता. सायकलचा आवाज आला की ओट्यावर यायचा. पुढे कामाला लागला, पोरींची लग्नं झाली, आणि वाट बघायचं राहून गेलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, रागाशी मला वागता येतं.

मग मी ते बोललो. नवी शीट आणलीय, एकट्याने होत नाही, दोन दिवसांचं काम आहे, येतोस का?

त्याने मशीन थांबवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

“माफ कवाच केलं,” तो म्हणाला. “पर नट धरायला दुसरा मानूस बघ.”

मी म्हटलं, दुसरं कुणी नाही रे मला.

“म्हनून तर आलास,” तो म्हणाला, आणि पुढचा टॉवेल ओढून घेतला.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण ते खरं होतं. वॉचमनने पाना पाडला नसता, मुलीचा फोन रोज येत असता, घरात बायको असती, तर तो अकरावा स्क्रू मी डब्यात टाकला असता आणि कुणाला सांगितलंही नसतं. मी चहा घेतला नाही. त्यानेही आग्रह केला नाही.

नवी खिडकी मी एकट्यानेच बसवली. बाहेरून स्क्रू घालायचा, चिकटपट्टीने दाबून ठेवायचा, उतरून वळसा घालून आत चढायचं, नट लावायचा, पुन्हा बाहेर. चौदा वेळा. गुडघे बोलायला लागले, तीन सकाळी गेल्या. भोकं सगळी नीट आहेत, मी दोनदा तपासली. शेवटचा स्क्रू लावून नव्या काचेवरचा कागद सोलला तेव्हा खिडकीतून विमानाच्या पलीकडचा सगळा भाग स्वच्छ दिसला. काम चांगलं झालं होतं. ते कुणाला तरी सांगावं म्हणून मी फोन काढला, त्यातली नावांची यादी वरून खालपर्यंत बघितली, आणि फोन खिशात ठेवला.