चौदाशे पानं आणि कानवाल्याचं मौन

आमच्या वरच्या मजल्यावर कानवाला राहतो. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी स्वस्त यंत्र चालवणारा प्रोग्राम त्यानं अकरा वर्षं खपून लिहिला आणि जगाला फुकट देऊन टाकला. बायको म्हणायची, "जगाचं झालं असेल तर आता स्वयंपाकघरातला नळ बघा."

त्यातली एक फाइल मात्र चिपच्या कंपनीनं दिलेली. चिपमधला कुठला खटका कुठल्या क्रमांकावर, एवढंच ती सांगते. माथ्यावर अट: फक्त आमच्या चिपसाठी वापरा. कानवाल्याचा परवाना म्हणतो, कुणीही कशावरही वापरा, वर अट घालायची नाही. दोघांचं पटणं अशक्य! पण या शहाण्यानं पहिल्याच दिवशी एका फटक्यात सगळ्या फाइलींच्या माथ्यावर स्वतःचा परवाना चढवला. कंपनीची अट त्याखाली पुसली गेली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लोक जिथून प्रोग्राम फुकट उतरवून घेतात, त्या सार्वजनिक भांडाराच्या तपासनिसानं आता हे पकडलं. शुक्रवारी चारपर्यंत फाइल बदला, नाहीतर प्रोग्राम बाहेर. कानवाल्यानं कंपनीला सतरा पत्रं लिहिली. तिकडून हूं की चूं नाही.

उपाय एकच. नक्कल ठरू नये म्हणून ती फाइल कधीही न पाहिलेल्या माणसानं चिपचं माहितीपुस्तक वाचून नवी लिहायची. कानवाल्याला ती तोंडपाठ, म्हणजे तोच बाद. उरली त्याची बायको. भूगोल शिकवते, तक्त्यांना घाबरत नाही. पुस्तक चौदाशे पानांचं.

"तू विचारायचं नाहीस, मी सांगायचं नाही," कानवाल्यानं तिला बजावलं.

"म्हणजे लग्नानंतर प्रथमच तुम्ही गप्प बसणार!"

शुक्रवारी तीनला माझ्यासमोरच नवी फाइल यंत्रात घातली. यंत्र ढिम्म. कानवाल्यानं फाइल चाळली, एका ओळीवर थबकला आणि पांढराफटक पडला.

"कुठं चुकलं?"

"मी सांगितलं, तर कंपनीचीच फाइल माझ्या तोंडून तुझ्या फाइलीत येईल गं!"

"अहो, निदान पान तरी!"

तो भिंतीला डोकं टेकून उभा. मला राहवलं नाही. "अरे, सांगून टाक. इथं बघतंय कोण?"

"अकरा वर्षांपूर्वीही कुणी बघत नव्हतं, काका," तो रडवेला होऊन म्हणाला.

चार वाजून गेले. प्रोग्राम भांडारातून निघाला. कानवाला मटकन खाली बसला. बायकोनं डोळे पुसले, पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. मी ओळीवर बोट ठेवलं की तुमच्या तोंडावर सगळं दिसतं."