तलावाकाठून समुद्राकडे

सोलापुरात राहून समुद्राची इतकी काळजी वाहणारा माणूस आमच्या शेजाऱ्यांच्या आधी झाला नाही आणि पुढे होईल असंही वाटत नाही. इथे नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, आणि हे गृहस्थ दर रविवारी सकाळी सहाला खांद्यावर पोतं टाकून तलावाकाठचा कचरा वेचायला निघतात, ते समुद्र घाण होऊ नये म्हणून. "येताव काय सर? समुद्राचं काम हाय," असं खालून ओरडतात. मी निवृत्त भूगोल शिक्षक. रविवारी सहाला उठणं माझ्या तत्त्वात बसत नाही, पण त्या आवाजापुढे झोपून राहणंही जमत नाही.

त्यांचा जन्म चादरीच्या कारखान्यात गेला. तयार चादर उजेडात धरून तिच्यातली खोट शोधायचं त्यांचं काम. आता तलावाचा काठही ते तसाच तपासतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत जायचं, दोन पावलं सरकायचं आणि परत यायचं. मधे कुणी गप्पांना बसलेलं असलं तर त्याला उठवतात, रेष मोडत नाहीत. एकदा एक कुटुंब भेळ खात बसलं होतं. हे शेजारी जाऊन हात जोडून उभे राहिले. "खावा, सावकाश खावा. कागदासाठी थांबलोय मी." त्या बाईंना घास जाईना. शेवटी त्यांनी उरलेली भेळ यांनाच दिली. यांनी ती उभ्या उभ्या संपवली, छान झाली होती असं सांगितलं आणि कागद पोत्यात टाकला. आमच्याकडे चहाला आले की बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टण घडी करून खिशात घालतात. माझी बायको आता बिस्किटं डब्यात काढूनच समोर आणते.

या वेडाचं मूळ त्यांच्या लेकीच्या सासरी आहे. घरात तेलुगू, त्यामुळे मुलगी दिली ती थेट आंध्रात, कृष्णा समुद्राला मिळते तिथल्या एका गावात. विहीणबाई मोठ्या कडक. दर आठवड्याला गावकऱ्यांना घेऊन किनारा साफ करतात आणि कचरा टाकणारा सापडला तर सगळ्यांसमोर त्यालाच उचलायला लावतात. लग्नानंतर शेजारी पहिल्यांदा तिकडे गेले, हौसेने वाळूत उतरले, आणि त्यांच्या हाताला काय लागावं? सोलापुरी शेंगाचटणीचं रिकामं पाकीट, वर ठळक मराठी अक्षरं. विहीणबाईंनी विचारलं, हे इथे कुणी टाकलं? शेजारी तत्काळ म्हणाले, आमच्या तलावातून वाहत आलं. तलावातून नाल्यात, नाल्यातून सीनेत, सीनेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत, आणि कृष्णेतून तुमच्या दारात. पुढच्या रविवारी त्यांनी सोलापुरात पोतं उचललं, ते आजतागायत खाली ठेवलेलं नाही. लेकीच्या सासरी माहेराहून साडी जावी, चादर जावी, कचरा कसा जाऊ द्यायचा?

भूगोलाच्या इमानाला जागून मी त्यांना नकाशा दाखवला. वाटेत दोन प्रचंड धरणं आहेत हो! त्यांनी चष्मा वर करून धरणं पाहिली आणि म्हणाले, "धरण पाण्याला अडवतंय की सर. प्लास्टिकला काय करतंय?" मी नकाशा गुंडाळला.

यंदा जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला लेक माहेरी आली, बरोबर विहीणबाईही होत्या. पोर आमच्याकडे हळदीकुंकवाला आली आणि बोलता बोलता तिचे डोळेच भरले. "काका, ते पाकीट माझं होतं. नवी नवी होते, करमायचं नाही. दुपारी एकटीच किनाऱ्यावर जाऊन चटणी-भाकरी खायची आणि पाकीट वाळूत पुरायची. नान्ना त्यासाठी अजून राबताहेत. त्यांना सांगू नका हं."

माझ्या पोटात काही राहत नाही. रविवारी तलावावर मी शेजाऱ्यांना आडून आडून विचारलं, नदीतून इतक्या लांब आलेल्या पाकिटावरची अक्षरं शाबूत कशी राहिली असतील? ते वाकलेले होते, तसेच राहिले. "वाससुद्दा होता सर. ताज्या चटणीचा. मागं वळून बघितलं तर पोर मान खाली घालून उभी. एकटीच बसून खात असणार, हे कळलं की मला. मग काय, नदीचं नाव घेतलं. आता नदीचं नाव घेतलंय म्हटल्यावर हितलं काम करायलाच पायजे."

मला खरंच गलबलून आलं. आणि मी या माणसाला नकाशावर धरणं दाखवत बसलो होतो.

तेवढ्यात लेक आणि विहीणबाई तलावावर आल्या. बाईंनी काठ न्याहाळला, पाणी न्याहाळलं आणि माझ्याकडे बघून तेलुगूत काहीतरी विचारलं. ते मराठीत सांगायचं काम लेकीवर आलं. "अत्तम्मा विचारतात, तुम्ही भूगोलाचे सर ना? इथलं पाकीट खरंच आमच्या समुद्रापर्यंत येतं का?"

शेजारी पोत्याचं तोंड धरून माझ्याकडे बघत राहिले.

"येतं की," मी म्हणालो. "दोन्ही धरणं ओलांडून येतं."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतका चुकीचा भूगोल मी कधी शिकवला नव्हता. मग मी वाकलो, पायाशी पडलेला एक कागद उचलला आणि त्यांच्या पोत्यात टाकला.