राजाला रत्नागिरीत का ठेवले?

मंडळी, शाळेच्या खुर्च्यांतील ढेकणांविरुद्ध मी आज जाहीर तक्रार नोंदवतो. इतिहासाचे भवितव्य ठरवायला बसलो आणि निम्मी सभा खाजवण्यात गेली.

प्रश्न होता, वरच्या वर्गांत बंद पडलेला इतिहास पुन्हा सुरू करावा का? सगळ्या मास्तरांनी माना डोलावल्या. शिकवणार कोण, असे विचारल्यावर मात्र सगळे छपराची कौले मोजू लागले.

"इंग्लंडचे राजे शिकवीन हो," गणिताचे बापूराव म्हणाले, "पण इंग्रज सरकारने ब्रह्मदेशच्या राजाला आपल्या रत्नागिरीत का डांबले, असे पोरांनी विचारले तर? त्याचा वाडा रोज दिसतो त्यांना."

"सांगा, त्याला इथली हवा मानवली," हेडमास्तर म्हणाले.

"अहो, पण मेला की तो इथेच!"

हशा पिकला. मग सगळे पुन्हा कौलांकडे वळले. शाळा सरकारी अनुदानावर चालते, हे सगळ्यांना ठाऊक.

शेवटी मीच म्हटले, "माझे संस्कृतचे दोन तास घ्या. इतिहास मी शिकवतो."

"शास्त्रीबुवा, रामाची रूपे चालवणे निराळे हो!" बापूराव म्हणाले.

"निराळेच. म्हणून तर सोमवारीच सुरू करतो."

पोरे तो प्रश्न विचारणारच आणि त्यांनी तो विचारावा, म्हणूनच मी तिथे उभा राहणार. तुमच्याकडचे मास्तर अशा वेळी काय सांगतात, मला जरूर कळवा. कारण मागच्या बाकावर शाळा तपासायला आलेला सरकारी इन्स्पेक्टर बसलेला असताना खरे उत्तर माझ्या तोंडून निघेल, याची मला खात्री नाही.