आक्काची नावांची वही

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीइतकी चिवट बाई मालवणच्या किनाऱ्यावर दुसरी नसेल, आणि लोकांना तिच्याइतकं अवघडून टाकणारंही कुणी नसेल. आक्का आरोग्यसेविका. बारसं असो की हळदीकुंकू, ती समोरच्या आईला मुलाबद्दल हमखास विचारणार, "गो, तुजो झिल मुताक किती वेळा उठता?" ती बाई पदराआड तोंड लपवी, आक्का उत्तर मिळेपर्यंत हलत नसे. एकदा देवळात आरती चालू असताना तिने पुढच्या बाईच्या मुलाचं मनगट चाचपून "ह्यो इतको सुकलो कित्याक?" असं इतक्या मोठ्याने विचारलं, की भटजींच्या हातातली घंटाच थबकली.

मधुमेह म्हणजे पोट सुटलेल्या माणसांचा आजार, अशी आपली समजूत. तो मुलांनाही होतो, अचानक होतो, आणि इन्सुलिन मिळालं नाही तर मूल हातचं जातं, हे आक्का भेटेल त्याला सांगे. पण तिच्या कामाच्या तक्त्यात रकाने होते ते मोठ्या माणसांचेच. म्हणून तिने एक शंभर पानी वही केली आणि आईबापांना विचारून अशा मुलांची नावं लिहू लागली: गाव कुठलं, इन्सुलिन कधी सुरू झालं, शेवटची भेट कधी. दर महिन्याला त्यांची नक्कल तक्त्याला टाचून ओरोसला जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत पाठवी. टाचलेला कागद परत येई. ती पुन्हा पाठवी. शेवटी एसटीने स्वतःच गेली, मला पिशवी धरायला घेऊन. साहेब समजुतीने म्हणाले, "बाई, या वयाचे रुग्ण आपल्याकडे फारसे नाहीत." कचेरीत आक्का ठेवणीतलं मराठी बोले. "नाहीत असं नाही साहेब. आपण विचारलेलंच नाही." आणि उभ्या उभ्या तिने वहीतली नावं वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या पानावर साहेबांनी तिला खुर्ची दिली. तरी पुढचे काही महिने कागद परत येतच राहिले.

त्याच सुमाराला शेजारच्या मुलीचा साखरपुडा होता. पंगतीत मासे विकणाऱ्या एका ओळखीच्या बाईची अकरा वर्षांची मुलगी सोलकढीचा पाचवा पेला मागत होती. परकर कमरेला सेफ्टी पिनेने आवळलेला, डोळे खोल गेलेले. आक्का भरल्या ताटावरून उठली, पर्समधून साखर तपासायचं यंत्र काढलं. मुलीची आई संतापली, "आक्का, हंय शुभकार्य आसा!" आक्काने तोवर मुलीच्या बोटाला टोचलंही होतं. आकडा उमटलाच नाही. साखर यंत्राच्या मापापलीकडे गेली होती. "ताट ठेव. रिक्षा बोलव," ती मला म्हणाली. मुलगी रिक्षातच गुंगायला लागली. दवाखान्यात पाच दिवस काढून ती चालत घरी आली, तेव्हा तिची आई आक्काच्या गळ्यात पडून रडली.

पण वहीत नाव लिहू देईना. "उद्या हिचा लगीन करूचा आसा. नाव लिवल्यार गावभर जातला."

"नाव माज्या वहीत रवतला गो. पण चेडू आधी जगाक होया."

बाई बधली नाही. आक्काही नाही. दर बुधवारी मासळीबाजारात ती त्या बाईच्या टोपलीशेजारी जाऊन बसे, इन्सुलिन संपलं का विचारी, नावाचा विषय एकदा काढी आणि बांगडे घेऊन घरी येई. आम्ही पावसाळाभर बुधवारी बांगडेच खाल्ले. मग एक दिवस ती मुलगीच म्हणाली, "आये, माजा नाव मीच लिवतंय." आईने अडवलं नाही, मासे कापायला घेतले. मुलीने ओले हात फ्रॉकला पुसून ठळक अक्षरांत नाव लिहिलं.

पुढच्या वर्षी ओरोसहून तालुक्यातल्या शाळांना एक कागद आला: तहान वाढली का, लघवी वाढली का, वजन उतरलं का, हे शिक्षकांनी पालकांना विचारावं. त्या दिवशी मी पहिल्यांदाच ती वही नीट चाळली. पहिल्या पानावर, आक्का पूर्वी कामाला होती त्या दोडामार्गकडच्या एका चार वर्षांच्या मुलीचं नाव होतं. पुढे ना इन्सुलिनची तारीख होती, ना भेटीची.

"ह्या चेडवाचा काय?" मी विचारलं.

आक्काने त्या नावावर बोट ठेवलं. "उलट्या होयत होत्या. मी साधो ताप समजलंय. तान लागता काय, मुताक जाता काय, ता विचारूचा सुचलाच नाय माका."

त्या मुलीच्या आईला ती अजून दर दिवाळीत भेटून येते. दोघी काय बोलतात, ते मी कधी विचारलं नाही.