कढीपत्त्याची कुंडी

हे मी कालपर्यंत कोणाच्या कानावर घातलेलं नव्हतं. नवरा जिवंत असता तर त्याला तरी सांगितलं असतं का? — नसतं. मेलेल्या माणसाच्या आडून चांगुलपणा मिरवण्यात अर्थ नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. नऊ वर्षं झाली, मी दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये मुलाकडे राहते. मुलगा सुहास, सून मनीषा, नात ईरा. तळमजल्यावरचं घर, छोटी बाल्कनी, बाल्कनीत माझ्या चार कुंड्या. त्यातली एक कढीपत्त्याची. तिच्याकडे यायचं आहे — पण जरा वळसा घालून येते. सरळ चालत येण्याची हिंमत असती तर सहा वर्षं लागली नसती.

ईरा पंधरा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. गेल्या महिन्यात तिच्या शाळेत वादविवाद होता. विषय तिने मला तीनदा सांगितला तेव्हा डोक्यात शिरला. काही ठिकाणी म्हणे, माणूस पहिल्यांदाच पकडला गेला आणि गुन्हा लहान असला, तर त्याला कोर्टात उभं करत नाहीत. अटी घालतात. इतके महिने नीट वाग, हजेरी लाव, मग प्रकरण बंद. पण त्याला पकडलं होतं ही नोंद? ती कोर्टाने पुसून टाकावी की राहू द्यावी? ईराच्या वाट्याला ‘राहू द्यावी’ ही बाजू आली होती. ती माझ्यासमोर उभी राहून बोलायची आणि मी गवार मोडत परीक्षक व्हायची.

मला त्यात नको तितका रस वाटायला लागला. ती नोंद नक्की असते कुठे? एका कम्प्युटरात की सगळ्या? ती बघण्याचा अधिकार कोणाला? पुसली तर पूर्ण जाते, की पाटीवर ओलं फडकं फिरवल्यावर जुनं अक्षर दिसत राहतं तशी राहते? आणि त्या नोंदीत ‘याने केलं नव्हतं’ असं लिहायला जागा असते का?

“आजी, यू आर वर्स दॅन द जजेस,” ईरा म्हणाली. मग तिने तिचा सगळ्यात जोरकस मुद्दा काढला. “ओके, लिसन. इफ यू डिड नथिंग, व्हाय वुड यू साइन?”

म्हणजे, काही केलंच नसेल तर माणूस अटी मान्य करून सही करेलच कशाला?

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. कारण सही का करतात ते मला माहीत होतं. सही करणारी बाई मला माहीत होती. तिचं नाव रंजना.

रंजना कुडाळकडची. साफसफाईच्या एका कंपनीत कामाला होती, कंपनी तिला तासांवर आमच्याकडे पाठवायची. आठवड्यातून दोनदा यायची. हाताला चपळ, तोंडाला त्याहून. मनीषाच्या चपलांचे जोड मोजून म्हणायची, “ताई, पाय दोनच आहेत ना?” माझ्याशी तिचं जमायचं. इथे माझ्याशी पोटभर मराठी बोलणारं दुसरं होतं कोण? मुलगा-सून ऑफिसात, नात इंग्रजीत.

सहा वर्षांपूर्वीचे गणपती. आमचा दीड दिवसाचा. शाडूची वीतभर मूर्ती. इथे विसर्जन घरातच, बादलीत. मूर्ती विरघळली की ती माती आणि पाणी मी कुंड्यांना घालते. मूर्तीच्या गळ्यात दरवर्षी एक सोन्याची साखळी घालतो, माझ्या सासूबाईंनी दिलेली. उत्तरपूजा झाली की ती उतरवायची आणि स्टीलच्या डबीत घालून कपाटात ठेवायची. हे काम माझं. दुसऱ्या कोणाचं नाही.

त्या वर्षी मी हार काढले, दूर्वा काढल्या. खांद्यावरचं रेशमी उपरणं रंगाला चिकटलं होतं, ओढलं तर रंग निघेल म्हणून राहू दिलं. साखळी घसरून त्या उपरण्याखाली गेली होती. मी ती काढलीच नाही. पण काढली असं मला आठवत होतं — हे कसं होतं हो? मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. माझ्या हातांनी इतकी वर्षं काढली होती, त्यामुळे हातांना जुनं आठवत होतं आणि मी ते ताजं समजले. एवढंच असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबी उघडली. रिकामी.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, तिचा बचाव म्हणून उपयोग करणार नाही. त्या उन्हाळ्यात मी दोनदा गॅस चालू ठेवून बाल्कनीत जाऊन बसले होते. माझ्यामागे घरात बोलणं चालू होतं. मला डोंबिवलीला मुलीकडे पाठवावं का, व्हिसा पुन्हा करावा का. डबी रिकामी दिसल्यावर मनीषाने फक्त माझ्याकडे बघितलं. “आई, नीट आठवा. काढली होती ना?”

मी म्हटलं, काढली होती. आणि मग — तिने विचारलेलं नसताना — म्हटलं, “सकाळी रंजना कपाटापाशी होती.”

रंजना सकाळी त्या खोलीत व्हॅक्यूम फिरवत होती. कपाटापाशी मी तिला पाहिलेलं नव्हतं. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते.

सुहासने कंपनीला फोन केला. कंपनीने तिला परत आमच्याकडे आणलं, आणि संध्याकाळपर्यंत पोलीस आले. सभ्य होते. त्यांतल्या एकाला हिंदी येत होतं. त्याने मला बसायला सांगितलं आणि विचारलं, “अम्मा, आपने देखा?”

मी म्हटलं, “देखा.”

एकच शब्द. मला हिंदी फारसं येत नाही, पण तेवढं आलं. रंजना दारापाशी उभी होती. तिचं तोंड माझ्याकडे होतं. “मी नाय घेतलंय, आजी,” ती म्हणाली. पोलिसांना नाही, मला म्हणाली. मी पदर नीट केला. त्यांनी तिला नेलं.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, म्हातारी विसरली, घाबरली, खोटं बोलली. तेवढंच असतं तर मी कदाचित हे सांगितलं नसतं. याच्यापुढे जे आहे ते यापेक्षा वाईट आहे.

तिला नेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी बादलीतलं पाणी कुंड्यांना घालत होते. तळाशी माती बसली होती. ती हाताने उपसताना बोटांना साखळी लागली.

मी ती वर काढली. मातीने भरलेली. बाल्कनीचं काचेचं दार लोटलेलं होतं, आत मनीषा फोनवर बोलत होती. चार पावलं. चार पावलं आत जायचं आणि हात पुढे करायचा. तिकडे एक बाई पोलीस ठाण्यात बसली होती आणि इकडे मी साखळी धरून उभी होते, आणि मला ठाऊक आहे मी काय विचार करत होते. तिचा नाही. आता मुलगा-सून मला डोंबिवलीला पाठवणार, हा.

मी कढीपत्त्याच्या कुंडीत बोटभर खोल खड्डा केला, साखळी आत दाबली, वरून ती शाडूची माती लिंपली. हात धुतले. आत गेले आणि म्हटलं, “सुहास, जाऊ दे रे. तिला दोन लेकरं आहेत गावाला. आपण माफ करू.”

माफ. हा शब्द वापरला मी.

सुहासचे डोळे भरून आले. मनीषाने माझ्यासाठी चहा केला. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, आजींचं मन मोठं. मी ते ऐकून घेतलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं ऐकायला.

सुहास सरकारी वकिलांच्या ऑफिसात जाऊन तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही करून आला. घरी आल्यावर त्याने सांगितलं ते असं — पहिलीच वेळ, तक्रारदाराने सोडलं, त्यामुळे कोर्टात न नेता मिटवायला ते तयार झाले. तीन महिने हजेरी द्यायची. पण त्यासाठी रंजनालाही एका कागदावर सही करायची होती. मान्य केलं तर आज घरी. नाही म्हटलं तर कोर्टाची तारीख लागेपर्यंत आत, आणि तारीख कधी ते कोणी सांगेना. तिने आधी नाही म्हटलं. मग दुपारी सही केली.

तर ईराच्या प्रश्नाचं उत्तर हे. न केलेल्याची सही माणूस घरी जायला करतो.

कंपनीने तिला काढलं. अजमानला एका लाँड्रीत लागली, इस्त्री करायला. दिवाळीत तिचा मला फोन यायचा. हो, तिचा मला. तिला वाटत होतं की मी चुकून बघितलं काहीतरी, पण शेवटी मीच तिला सोडवलं. “आजी, तुम्ही नसतात तर मी आतच होते,” असं ती म्हणायची. मी म्हणायची, “इस्त्रीने हात भाजत नाहीत ना गं?” आणि विषय बदलायची.

ती माती बदलू नये म्हणून मी सहा वर्षं त्या कुंडीला कोणाला हात लावू दिला नाही. झाड खुजं राहिलं, पानं पिवळी पडायची. “आईंचा कढीपत्ता म्हणजे व्हीआयपी. आम्हाला एक पानसुद्धा परवानगी घेऊन,” असं मनीषा पाहुण्यांना सांगायची. सगळे हसायचे. मीही.

ईराची डिबेट व्हायच्या दोन आठवडे आधी रंजनाचा फोन आला, दिवाळी नसताना. अजमानलाच एका नर्सरीत आयाची जागा होती. एसीमध्ये काम, लहान मुलं, इस्त्री नाही. त्यांनी पोलिसांचा दाखला मागितला. तिचा दाखला कोरा आला नाही. कसं काय, तिला कळेना. प्रकरण तर मिटलं होतं ना? “आजी, सुहासदादांकडून एक पत्र मिळेल का? की तुम्ही मला माफ केलंत म्हणून?”

म्हणजे चोरी तिने केली आणि आम्ही माफ केली, असं ती स्वतःच लिहून मागत होती.

मी म्हटलं, सांगते सुहासला. आणि नाही सांगितलं. महिनाभर नाही सांगितलं. त्या महिन्यात मी ईराला मात्र रोज नवा प्रश्न विचारत होते — पुसतात की नाही, पुसलं तर कोणाकोणाचं पुसतात. मला वाटत होतं की मी रंजनासाठी विचारते आहे. एक दिवस ईरा म्हणाली की पुसलं तर सगळंच जातं, तक्रार, साक्ष, सगळं. तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं इतकं हलकं झालं की मला माझंच नवल वाटलं. तक्रार जाते, साक्ष जाते, मग ‘देखा’ हा शब्दही जातो. सहा वर्षं मला तेच पुसून हवं होतं. तिचं नव्हे.

ईराचा दुसरा नंबर आला. पहिला ‘पुसावी’ म्हणणाऱ्या मुलीचा. मी दोघींनाही मनात मार्क दिले. पण माझं म्हणणं त्या दोघींपैकी कोणीच मांडलं नाही. रंजनाच्या नावापुढचं पुसावं. मी जे बोलले ते राहू द्यावं, आणि पुढे खरं काय ते लिहावं. अशी सोय कुठल्या कोर्टात असते की नाही, मला माहीत नाही. विचारणार आहे.

काल सकाळी मी कुंडी उलटी केली. साखळी जिथे पुरली तिथे नव्हती, मुळांनी तिला खाली ओढलं होतं. एक बारीक मूळ तिच्या कडीतून आरपार गेलं होतं. कात्रीने कापावं लागलं.

पहिला फोन रंजनाला केला. मुलाला आधी सांगितलं असतं तर त्याने मला थांबवलं असतं, किंवा मी त्याला थांबवू दिलं असतं. मी सगळं सांगितलं, मध्ये न थांबता. मागे लाँड्रीच्या मशीनचा आवाज येत होता. मग तिने एकच विचारलं.

“तुम्हाला मिळाली तेव्हा मी कुठे होते?”

“आत,” मी म्हटलं. “तिसरा दिवस होता.”

तिने फोन ठेवला. तो पुन्हा आलेला नाही आणि मी केलेला नाही.

मग सुहासला सांगितलं, टेबलावर साखळी ठेवून. मनीषा आणि ईराही तिथेच होत्या. ईराने साखळी उचलली, कडीतला मुळाचा तुकडा बघितला आणि परत ठेवली. ती पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली. “आजी, ती अजून त्या लाँड्रीतच काम करते?” मी हो म्हटलं.

आता सुहास गाडी काढायला गेला आहे. आम्ही पोलीस ठाण्यात चाललो आहोत. खोटी साक्ष दिली म्हणून माझं काय करायचं ते त्यांच्या कायद्यात असेल, सुहासला त्याची काळजी वाटते. माफीचं पत्र नको, वकीलही नको, असं मी त्याला सांगितलं. साखळी त्याच स्टीलच्या डबीत घातली आहे, माती धुतलेली नाही.

त्यांच्यातलं कोणीतरी हिंदी बोलणारं असेल. मी दोन शब्द पाठ करून ठेवले आहेत. नहीं देखा.