कॉम्प्युटरनं खाल्लेलं शून्य

"मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरच्या मते सुभेदारांनी आमच्याकडे बंदूक ठेवलेलीच नाही," वसंतराव फोनवर म्हणाले. "सुभेदार समोर बसलेत. हातात आमचीच पावती आहे. आता खोटं कोणाला पाडायचं, ते आपणच येऊन सांगा."

वसंतरावांचं शहरात बंदुकांचं दुकान होतं. वडिलांपासून चालत आलेलं, रीतसर परवान्याचं. त्यांच्या नोंदींचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कर्वेनगरच्या एका सोसायटीत, दोन खोल्यांत आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनी म्हणजे मी, आमचे बॉस शिरीष सर आणि एक खडखडणारा प्रिंटर. जो भेटेल त्याला आम्ही कॉम्प्युटराइज करत होतो. एक मंगल कार्यालय, एक पॅथॉलॉजी लॅब आणि हे दुकान.

"युजर एरर असणार," शिरीष सर मान वर न करता म्हणाले. "जाऊन ये. आणि जमलं तर मोडेमचं पुन्हा विचार."

मोडेमचं मी आधी एकदा विचारलं होतं. "इंटरनेट घ्या, सगळं जग जोडलं जाईल," वगैरे. वसंतराव शांतपणे म्हणाले होते, "कोणाच्या घरात कोणतं हत्यार आहे, त्याची पत्त्यासकट यादी आहे ही. जग जोडून काय करू? चोरांना घरपोच पाठवू?"

त्यामुळे त्यांचा कॉम्प्युटर कुठल्याच तारेला जोडलेला नव्हता. विजेची तेवढी सवलत होती. तो आतल्या खोलीत, लोखंडी दाराच्या मागे असायचा. बॅकअपच्या दोन फ्लॉपी तिजोरीत. डेटा बाहेर न्यायला मलाही बंदी. काहीही बिघडलं की मी स्कूटर काढायची आणि तिथं जाऊन बसायचं.

दुकानात सुभेदार स्टुलावर ताठ बसले होते. फौजेतून निवृत्त होऊन खडकवासल्याजवळ राहायला आलेले. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी मला नमस्कार केला आणि पावती पुढं धरली. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

इथं थोडं समजावून सांगते. निवडणूक जाहीर झाली की बऱ्याच परवानाधारकांना आपली हत्यारं जमा करावी लागतात. पोलिस ठाण्यात, नाहीतर परवाना असलेल्या दुकानात. निवडणूक संपली की परत न्यायची. ती नुकतीच संपली होती. वसंतरावांकडे त्यासाठी आतल्या खोलीत भिंतभर कप्पे होते. कोणाची बंदूक कुठल्या कप्प्यात, ते प्रोग्रॅम सांगायचा.

मी पावतीवरचा नंबर टाकला. ४१७. स्क्रीनवर आलं: बारा बोअरची दुनळी बंदूक, कप्पा नऊ, मालक वारज्याचे आबा. परवाच परत नेली.

"आबांना कोणी दिली?"

"मी," वसंतराव म्हणाले. "या हातांनी."

सुभेदारांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्हणजे माझी बंदूक आज वारज्यात आहे?"

आपल्या परवान्यावर नसलेली बंदूक घरात असणं हा गुन्हा आहे. ती देणाऱ्या दुकानदाराचं काय होऊ शकतं, ते मला त्या क्षणी वसंतरावांच्या चेहऱ्यावर वाचता आलं.

"जुनं रजिस्टर आहे का?"

रजिस्टर होतं. कायद्यानं लागायचंच. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं: ०४१७, सुभेदार, कप्पा नऊ. त्याखाली चार ओळींनी: ४१७, आबा, कप्पा चौदा. दोन वेगळ्या कारखान्यांच्या बंदुका. एकीच्या नंबरात पुढं शून्य, दुसरीच्या नाही.

कॉम्प्युटरच्या हिशेबी चौदा नंबरचा कप्पा रिकामा होता. वसंतरावांनी तो उघडला. आत आबांची बंदूक निवांत उभी होती.

नंबर आहे म्हणून मी तो रकाना आकड्यांचा ठेवला होता. आकड्याच्या पुढच्या शून्याला कॉम्प्युटर किंमत देत नाही. तो ते टाकून देतो. सुभेदारांची ०४१७ गेली ४१७ म्हणून. नंतर आबांची ४१७ आली, तेव्हा प्रोग्रॅमला वाटलं, तीच बंदूक, फक्त मालक बदललाय. जुन्या बंदुका विकल्या जातात, म्हणून ती सोय मीच मोठ्या हौसेनं केली होती. स्क्रीनवर प्रश्न आला, मालकाचं नाव बदलू का? वसंतरावांनी 'वाय', म्हणजे हो, दाबलं. नाव बदललं, स्क्रीनवरचा कप्पा मात्र नऊच राहिला.

"पण काका, देताना बंदुकीवरचा नंबर पाहिला असेल ना?"

"पाहिला तर. ०४१७ होता. कॉम्प्युटरच्या स्लिपवर ४१७," वसंतराव म्हणाले. "अहो, तुमचा कॉम्प्युटर पुढचं शून्य खातो, ते आम्हाला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. आम्ही ते धरूनच चालतो."

"मला का नाही सांगितलं?"

"आम्हाला वाटलं, कॉम्प्युटरची पद्धतच असेल."

मी दुकानातून शिरीष सरांना फोन लावला. सर म्हणाले, "वाय त्यांनी दाबलं ना? तेवढं लेखी घे." मी बरं म्हटलं आणि लेखी काही घेतलं नाही.

वारजं स्कूटरवर वीस मिनिटं. मी म्हटलं, "काका, आबांना गाठू, गुपचूप बदलून आणू."

वसंतरावांनी चष्मा काढून पुसला. "आणि ती बंदूक रस्त्यानं कोण आणणार? आबांच्या परवान्यावर ती नाही, तुमच्याकडे परवानाच नाही. एका चुकीच्या तीन करू नका." त्यांनी रिसीव्हर उचलला आणि पोलिस ठाण्यात स्वतःच सांगितलं, "माझ्या हातून चुकीच्या माणसाला हत्यार गेलंय. आपण या." त्यांचा आवाज स्थिर होता. दुसरा हात टेबलाची कड घट्ट धरून होता.

फौजदार आले. रजिस्टर पाहिलं, स्क्रीन पाहिला, मग मला पाहिलं.

"आपण कोण?"

"प्रोग्रॅम मी लिहिलाय."

"वा. मग आपणही चला."

आयुष्यात पहिल्यांदा पोलिसांच्या जीपमध्ये बसले, तेही बंदुकीच्या प्रकरणात. घरी काय सांगायचं याची मी जुळवाजुळव करत होते. वारज्यात आबांच्या घराभोवती बिल्डिंगी उठत होत्या, मध्ये त्यांचं अंगण तेवढं शिल्लक होतं. आबांनी आम्हाला आधी बसवलं, पाणी दिलं, मग कपाटातून खोळ काढली.

"माझीच हाय की. ही बघा, खोळ बी माझीच, घरनं नेलेली."

"आतली बघितलीत का?" फौजदारांनी विचारलं.

आबांनी बंदूक काढली, उलटीपालटी केली. लाकडी दस्त्यावर सुभेदारांची आद्याक्षरं कोरलेली होती.

"वजनाला जरा हलकी लागली खरी," ते म्हणाले. "म्हटलं, कॉम्प्युटरात ठिवल्यानं झाली आसंल."

फौजदार हसले नाहीत, पण पंचनामा लिहिताना त्यांचा पेन दोनदा थांबला.

आम्ही परतलो तेव्हा चार वाजले होते. सुभेदार त्याच स्टुलावर होते. जेवायलाही उठले नव्हते. कागदपत्रं पुरी झाल्यावर बंदूक हातात आली. त्यांनी नंबर वाचला, नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं. "हीच," म्हणाले आणि खिशातला रुमाल काढून दस्ता पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

जबाबात वसंतरावांनी लिहिलं, चूक माझी. मी म्हटलं, माझी. फौजदार वैतागले. "पावती एकच, बंदूक एकच, सही पण एकच करा. परवाना कोणाचा आहे?" सही वसंतरावांनी केली.

पुढचे तीन दिवस मी त्या खोलीत होते. आकड्यांचा रकाना अक्षरांचा केला, म्हणजे शून्य टिकेल. नंबराबरोबर कारखान्याचं नाव जोडलं. मग वसंतराव एकेक बंदूक काढून नंबर मोठ्यानं वाचायचे, शून्यासकट, आणि मी रजिस्टर आणि स्क्रीन दोन्हीशी ताडायची. शून्य गेलेल्या आणखी अकरा निघाल्या. सुदैवानं त्यांना जुळ्या बहिणी नव्हत्या. महिन्याभरानं लेखी ताकीद आली. परवाना शाबूत राहिला. हाताचं रजिस्टर मुख्य आणि कॉम्प्युटर मदतनीस, असं वसंतरावांनी स्वतःच ठरवून टाकलं. मोडेमचा विषय मी काढला नाही.

नंतर मी एका मोठ्या आयटी कंपनीत गेले आणि इंटरव्ह्यू घ्यायला लागले. मुलं हुशार यायची, मला माहीत नसलेल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषा त्यांना यायच्या. मी शेवटी एकच विचारायची, "फोन नंबर साठवायचा आहे. रकाना कसला ठेवाल?"

"नंबरचा," असं म्हणणाऱ्याला मी विचारायची, "दोन माणसांच्या फोन नंबरांची बेरीज कधी केली आहेस का?"

बहुतेक जण हसायचे. जे हसता हसता थांबायचे, त्यांना मी घेत असे.